खुंटीवरचं दप्तर

दप्तर पुन्हा खुंटीवर होतं.

निळं, कडेला थोडं उसवलेलं, खिशावर शाईचा डाग पडलेलं. काल संध्याकाळी तिनं स्वतः ते सभागृहातल्या पोत्यात घातलं होतं. पोत्याचं तोंड शिवलं होतं, दाराला कुलूप लावून किल्ली नणंदेच्या हातात दिली होती. तिनं पट्ट्याला हात लावला. पट्टा कोमट होता. आत्ताच कुणाच्या तरी खांद्यावरून उतरावा तसा.

महिनाभर दोघी घरोघर हिंडून जुनी दप्तरं गोळा करत होत्या. नदीपलीकडची वस्ती आगीत जळाली होती आणि तिथल्या चाळीस मुलांची शाळा आज सुरू व्हायची होती. आलेलं दप्तर उलटं करून झटकायचं, चेन बदलायची, जुनं नाव पुसायचं. आतून काय काय निघायचं! अर्धी बिस्किटं, एकच मोजा, एकदा तर कुणाच्या तरी आजोबांची कवळी. "लोक दान करतायत की घर झाडतायत?" नणंद म्हणायची, आणि दोघी पोट धरून हसायच्या.

एकोणचाळीस जमली. चाळिसावं कुठं आहे हे दोघींनाही ठाऊक होतं, पण नणंदेनं ब्रदेखील काढला नाही. दोन वर्षांपूर्वी शाळेत जाताना कोपऱ्यावरच्या अपघातात तिची लेक गेली. दप्तर तेवढं घरी आलं, ते तेव्हापासून खुंटीवरच होतं. शेवटी तिनंच काळजावर दगड ठेवून ते खाली काढलं आणि सभागृहात नेऊन दिलं. ही सोमवारची गोष्ट. मंगळवारी ते खुंटीवर परत होतं. तिनं पुन्हा नेऊन दिलं, बुधवारी पुन्हा परत. वहिनीच झोपेत उठून आणते, अशी नणंदेची खात्री होती. म्हणून तर काल ती कुलूपकिल्ली.

दारात चपला वाजल्या.

"वहिनी, आवर पटकन, टेम्पोवाला कधीचा..." नणंदेची नजर खुंटीकडे गेली. कमरेला खोचलेली किल्ली तिनं दोनदा चाचपून पाहिली.

"पोतं तसंच शिवलेलं आहे," ती कशीबशी म्हणाली. "मी आत्ता तिथूनच आले."

"मी नाही गं आणलं." तिला रडू फुटलं. दप्तराचं काय, दुसरं कुठूनही मिळालं असतं. पण आपलं लेकरू अजून कुठंतरी पाठीवर ओझं घेऊन फिरतंय, त्याला विसावा नाही, हे तिला सहन होत नव्हतं. "मी तिला धरून नाही ठेवलेलं. देवाशप्पथ सांगते."

"मग ती का येते?" नणंद कुजबुजली.

येते.

त्या शब्दासरशी तिला अपघाताचा दिवस आठवला. त्या सकाळी लेक दारातून ओरडली होती, "आई, जाते गं!" कपडे पिळता पिळता तिनं आतून दटावलं होतं, "जाते काय? किती वेळा सांगितलं, येते म्हणावं!" लेक पायऱ्या उतरून गेलेली. तरी मागे फिरली, उंबऱ्यापर्यंत आली, "येते," म्हणाली आणि मगच धावत सुटली. आईचा शब्द त्या पोरीनं कधी खाली पडू दिला नव्हता.

तिनं डोळे पुसले. दप्तर खुंटीवरून काढलं, दारापाशी नेलं आणि उंबऱ्यावर बसून मांडीवर घेतलं. दोन्ही पट्टे सारखे केले, चेन नीट लावली. नणंद भिंतीला चिकटून उभी होती. तिला स्वतःला मात्र आता जराही भीती वाटत नव्हती.

"बाळा," समोरच्या रिकाम्या पायऱ्यांकडे बघत ती म्हणाली, "आज जाते म्हण. आई रागावणार नाही."