मुका सप्ता

या मायबाप, असे जवळ सरकून बसा. धामणगाव बढ्याची एक गोष्ट सांगतो. हळू आवाजातच सांगण्यासारखी आहे.

चौसष्ट साली निवृत्तीच्या सात वर्षांच्या पोरीला, कोकिळेला, धनुर्वात झाला. मोताळ्याचे डॉक्टर म्हणाले, "बुलढाण्याचा घाट हिला सोसणार नाही. दवाखानाच घरी आणू." खुंटीला सलाईनची बाटली लागली, नाकातून नळी गेली, खिडक्यांवर गोणपाट आलं. अन्नपूर्णा नावाची नर्स मुक्कामाला राहिली. नुसती ताटली वाजली तरी पोर कमानीसारखी वाकायची, श्वास अडकायचा.

भिंतीला लागून देऊळ. दुसऱ्या दिवसापासून हरिनाम सप्ता.

निवृत्तीनं पंचांपुढं हात जोडले. "यंदा टाळ नका वाजवू जी. पोरगी जाईन माही."

"एकवीस वर्षांचा सप्ता हाय," सरपंच तुळशीराम म्हणाला. "देवाच्या नावानं कोनी मरते काय बे?"

कीर्तनकार शेषरावबुवा खाली बघत सुपारी कातरत राहिले.

सकाळी देवळातली पेटी उघडली, तर बारा जोड टाळ गायब. मृदंगाचं कातडं फाडलेलं.

साऱ्यांच्या नजरा निवृत्तीच्या भिंतीकडे वळल्या.

"घ्या झडती," तुळशीराम उठला. माणसं दाराशी आली, तर अन्नपूर्णाबाई आडवी उभी.

"हिच्याच पेटीत असन," मागून कोणी कुजबुजलं. "दवाखान्याची पेटी कोन पाह्यते?"

बुवा पुढं झाले. "कोनी आत शिरू नका. चोराले सोताहून येऊ द्या. तो येईपर्यंत मी कीर्तनाले उभा राहनार नाही. मागून आनलेल्या टाळाले हात लावनार नाही."

काहीजण मोताळ्याहून टाळ आणायचं म्हणत होते, ते तिथंच मिटलं. निवृत्तीनं त्यांचे पाय धरले. "बुवा, पोरीची आन. म्या नाही घेतले."

"मंग कोनं घेतले?" बुवांनी पाय मागं ओढले.

सात दिवस गावानं मनातल्या मनात नाव घेतलं. निवृत्तीला कोणी तंबाखूची चिमूट देईना.

आठव्या दिवशी झटके थांबले. जबडा सैल झाला, पोरीनं पाणी मागितलं. महिन्याभरानं ती अंगणात चालू लागली, तेव्हा अन्नपूर्णाबाई निघाली. एस्टीत चढवताना निवृत्ती हळूच म्हणाला, "बाई, ते टाळ तुमीच नेले ना? लय उपकार झाले."

तिनं पायरीवरचा पाय मागं घेतला. "अहो, मी तर समजत होते, तुम्हीच नेले."

गाव निवृत्तीला 'टाळचोर' म्हणत राहिलं. बुवांनी त्याच्या घरचं पाणी कधी घेतलं नाही.

सहा वर्षांनी बुवा वारले. तेरावं झाल्यावर मुलांनी त्यांची कुलूपबंद पेटी फोडली. पोथ्यांखाली बारा जोड टाळ होते. किणकिण होऊ नये म्हणून एकेक टाळ कापसात गुंडाळलेला. मायबाप, टाळ हाती घ्याल तेव्हा आमच्या शेषरावबुवांची आठवण असू द्या.