गोणीचं वजन

"उतरा खाली, गोणीबाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी काट्याकडे पुन्हा एकदा पाहिलं.

टेलरमास्तरांनी श्वास रोखून धरला होता. मांजरीची टोपली दोन कानांची होती. एक कान त्यांच्या हातात, दुसरा बायकोच्या, अशी ती वर्षानुवर्षं दवाखान्यात यायची. आज मास्तरांनी ती एकट्याने, एका हाताने आणली होती, आणि हात भरून आला नव्हता. जन्मभर लोकांच्या कमरा मोजणारा माणूस. घरी त्यांनी गोणीच्या पोटाभोवती टेप धरून पाहिली, ती सैल पडली, तशी त्यांनी लगेच टोपली काढली. बायको गेल्यापासून घरात आणखी कुणी श्वास घेणारं म्हणजे ही एवढीच होती.

"काय झालंय ते स्पष्ट सांगा," मास्तर म्हणाले. "मला आडून आडून सांगू नका."

"काही झालेलं नाही. रक्त चांगलं, दात चांगले, केस बघा कसे तुकतुकीत. हिचं वजन आता अगदी हवं तेवढं आहे, मास्तर. इतकी वर्षं मी दुसरं काय सांगत होते?"

सांगत होत्या खऱ्या. चौथ्या मजल्यावर दाराआड राहणारं मांजर. त्याला ना शिकार, ना भटकणं. तेव्हा खाणं वाटीने मापून द्या, रोज पळवा, खिडकीशी चढून बसायला जागा करा. मास्तरांनी सगळं केलं होतं. खिडकीशी उंच फळी ठोकली. चिंध्यांचा उंदीर शिवला, त्याला दोरी बांधून तो घरभर ओढला. गोणी त्या उंदरामागे पळायचीही. तरी ती आपल्या नावाला जागत गेली. मग डॉक्टरीणबाई डोळे बारीक करून विचारायच्या, "दोघांपैकी चोरून कोण घालतं?" आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवायची.

"तुझी शपथ, मी नाही," मास्तर म्हणायचे.

"तुमच्या गळ्याची शपथ, मी तर मुळीच नाही," बायको म्हणायची.

ती खरं बोलते आहे याबद्दल मास्तरांना शंकाच नव्हती, कारण चोर ते स्वतः होते. बायको आंघोळीला गेली आणि न्हाणीघराची कडी लागली, की शिलाई मशीनच्या खणातून मांजराचं बिस्कीट निघायचं. एक. फार तर दोन.

बायको आजारी पडेपर्यंत ही गंमत होती. ती गेल्यावर गंमत राहिली नाही. शपथ तिची, ती खोटी खाल्ली त्यांनी, आणि गेली ती. हे कुणापाशी बोलण्यासारखं नव्हतं. मुलगी म्हणाली असती, "बाबा, काहीतरीच काय!" म्हणून ते तिलाही बोलले नव्हते. रात्री कूस बदलताना मात्र ते शब्द त्यांना टोचत. आणि आता मांजरही रोडावायला लागलं, तेव्हा त्यांना वाटलं, ते पाप अजून फिटलेलं दिसत नाही.

"म्हणजे शेवटी चोरी सोडलीत म्हणायची," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या.

मास्तरांनी मान खाली घातली. "नाही हो. अजून घालतो. पूर्वी घालायचो तेवढंच."

डॉक्टरीणबाईंचं हसू थांबलं. त्यांनी एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे.

"मग मास्तर, बाकीचं कोण घालत होतं?"

मास्तर टोपली उचलून घरी आले.

टोपलीतून सुटल्याबरोबर गोणी स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यासमोर बसून मान वर करून बघत राहिली. रोज दुपारी ती अशीच बसायची. एकदा जेवणानंतरची झोप अर्धवट मोडून मास्तर उठले, तेव्हा त्यांना हे प्रथम दिसलं होतं. त्यांनी मुलीला फोन करून सांगितलं होतं, "मुकं जनावर, पण बघ, आईची वाट बघतं." दोघं फोनवर रडली होती.

आज मास्तर तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि ती बघत होती तिकडे त्यांनी पाहिलं.

वरच्या फळीवर पिठाचा मोठा डबा होता. मास्तर स्टुलावर चढले. पिठाच्या डब्यामागे हात घातला आणि हाताला लागला दुकानातला बटणांचा डबा. हरवला म्हणून त्यांनी एके काळी सगळं दुकान पालथं घातलं होतं. बायकोही त्यांच्याबरोबर खाली वाकून शोधत होती. "तुमचं लक्ष कुठे असतं," असं वर बोललीही होती.

डबा अर्धा भरलेला होता. बिस्किटं तीच, त्यांच्या खणातली. फक्त मऊ पडलेली.

"चोरटी!" मास्तर मोठ्याने म्हणाले. गोणी दचकून दोन पावलं मागे सरली. मास्तर स्टुलावरून उतरले ते सरळ जमिनीवरच बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले. दर खेपेला, डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर, पापणीसुद्धा न हलवता! किती खोट्या शपथा खाल्ल्या असतील बाईने, आणि सगळ्याच्या सगळ्या त्यांच्या गळ्याच्या!

त्यांनी हळूच आपल्या गळ्यावरून हात फिरवला. गळा जागच्या जागी होता.