गिअर सटकतोय

"ट्रॅक्टर दुरुस्त होईपर्यंत हा लीव्हर कशानेही बांधायचा नाही," मेकॅनिक बजावून गेला होता. तिने नुसती मान हलवली होती. कडेवर तिची लेक बबडी रडत होती, आणि बाबा काही असला वेडेपणा करणाऱ्यांतले नव्हते.

आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला दिसलं, बाबा, म्हणजे तिचे सासरे, तोच लीव्हर बांधत होते. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. एक टोक दातांत धरलेलं, दुसरं उजव्या हाताने ओढत होते. इंजिन चालूच होतं.

ट्रॅक्टर तसा छोटाच, फळबागेच्या ओळींमधून जाईल एवढा. मागे गवत कापायचं यंत्र. त्याची पाती फिरवणारा दांडा ट्रॅक्टरच्या इंजिनावर चालायचा, आणि तो चालू-बंद करणारा पीटीओचा लीव्हर सीटच्या डाव्या बाजूला होता. गेला महिनाभर हा गिअर सटकत होता. गवत दाट लागलं की कट्ट करून सुटायचा, पाती थांबायची आणि बाबा ट्रॅक्टरचा उद्धार करायचे. बांधून ठेवला तर सुटणार नाही, हे खरं. पण फिरत्या दांड्यात कुणाची बाही अडकली, तर चटकन बंदही करता येणार नाही. आणि बबडी नुकतीच दार उघडायला शिकली होती.

तिने दाराची वरची कडी लावली. दोन पावलं गेली आणि परत येऊन कडी ओढून बघितली.

उपाय काही कमी झाले नव्हते. तेल बदललं. लीव्हरचा रॉड जुळवून घेतला. लीव्हरला खाचेत धरून ठेवणारी गोळी आणि तिची स्प्रिंग नवी टाकली. शेवटी गिअरबॉक्स उघडला, तर आतले दात कोरे करकरीत. मेकॅनिकने हात टेकले. तिच्या नवऱ्याने सुट्टीच्या दिवशी दुपारभर स्वतः चालवून बघितला, तर एकदाही सुटला नाही. तुमच्याशीच वाकडं दिसतंय त्याचं, असं तो हसत म्हणाला आणि बाबा भरल्या ताटावरून उठून गेले. हल्ली त्यांचं सगळ्याच वस्तूंशी बिनसलं होतं. बरण्यांची झाकणं म्हणे कंपनीवाले मुद्दाम घट्ट बसवतात. शिंपी आळशी, काजं लहान ठेवतो. घरात यावरून थट्टा चालायची. वस्तू संपल्या की माझा नंबर, असं सासूबाई म्हणायच्या.

बाहेर बाबांनी क्लच सोडला. दांडा फिरायला लागला आणि पाठोपाठ कर्रकर्र आवाज सुरू झाला, झोपेत कुणी दात खावेत तसा. तिला राहवेना. बबडीला सासूबाईंच्या मांडीवर दिलं, सोडू नका म्हणून दोनदा सांगितलं, ओढणी काढून खुर्चीवर टाकली आणि ती बाहेर धावली.

मागच्या बाजूला न जाता ती पुढून वळसा घालून गेली. हात हलवला. बाबांनी न दिसल्यासारखं केलं. मग तिने सरळ हात घालून चावी फिरवली आणि इंजिन बंद पडलं. दांडा फिरायचा थांबेपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.

कॉलेजात हेही शिकवतात वाटतं, असं बाबा पुटपुटले. तिने ट्यूबच्या गाठीला हात लावला, तर ती लगेच सुटून आली. मग तिने लीव्हर पुढे ढकलून बघितला. तो आणखी बोटभर गेला आणि खट्ट करून बसला.

तिने परत मागे घेतला, परत ढकलला. खट्ट. हलकाच होता.

गिअर पूर्ण बसतच नव्हता म्हणून सुटत होता, असं ती म्हणाली. बाबा उसळले. रोज सगळा जोर लावून ढकलतो, लीव्हरच जड झालाय, तुम्हा पोरांना काय कळणार. बोलताना उजवा हात हवेत फिरत होता. डावा मांडीवर पडून होता, पंजा उघडा, कुणी तिथे ठेवून विसरून गेल्यासारखा.

ती त्या हाताकडे बघतच राहिली. मग तिने आपली दोन बोटं त्या पंजात ठेवली.

"बाबा, दाबा बरं. असेल तेवढा जोर लावून."

वेड लागलं का हिला, अशा नजरेने त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पण त्यांनी दात आवळले. कपाळावरची शीर वर आली. ती वाट बघत होती. ट्रॅक्टरच्या गरम पत्र्याचा टिकटिक आवाज येत होता.

"दाबा ना, बाबा."

"दाबलीयेत की केव्हाची," ते म्हणाले.

ती हे आता भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगते आहे. तुमच्या घरातलं कुणी वडीलधारं हल्ली वस्तूंवर फार चिडत असेल, तर फोन करून बरं आहे ना, असं विचारू नका. ते हो म्हणतील. आजच जा, त्यांच्या हातात तुमचा हात द्या आणि दाबायला सांगा.