दोन सगुणा

संगणकावर सासरची वंशावळ भरताना आजेसासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, पत्नी म्हणून 'सगुणा' दोनदा आली. "एकच व्यक्ती आहे का?" सॉफ्टवेअरनं विचारलं. बाळ उठायच्या आत उरकावं म्हणून मी 'हो' दाबलं.

संध्याकाळी आत्यासासूबाई कौतुकानं शेजारी बसल्या. "माझी आई दाखव गं."

मी सगुणा दाखवली.

"हा फोटो सावत्र आईचा. माझी आई मला जन्म देतानाच गेली. दुसरी आली, तिचंही नाव अण्णांनी सगुणाच ठेवलं."

"चुकलंच माझं, आत्या. मी दोघींना एक करून टाकलं."

"अण्णांनीही तेच केलं होतं," त्या हसून म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईनं मी दोघींना पुन्हा वेगळं केलं आणि पहिल्या सगुणेचा चौकोन उघडला. "लग्नाआधीचं नाव काय होतं त्यांचं?"

"मला कुणी सांगितलंच नाही गं."