किती टिकणारी?

“हातभर टोचून झालं, तरी यांना शीर सापडत नाय म्हणे!” तात्या कुरकुरले.

जागृती सिस्टर हसली. “म्हणून तर विचारतेय, तात्या. हातातली सुई तीन-चार दिवसच टिकते. दंडातून नळी घातली, तर काही महिने चालते. आणि छातीत, कातडीखाली औषध सोडायचा बटणाएवढा पोर्ट बसवला, तर काही वर्षं बघायला नको.”

“हातातलीच बरी. आपल्याला कुठं इथं मुक्काम ठोकायचाय!”

“तेच म्हणतो मी,” मुलाने, प्रणवने घाईघाईने दुजोरा दिला. “साधी गाठच तर होती.”

जयवंतीने नवऱ्याकडे, तात्यांकडे नीट पाहिलं. वाडीसाठी पाण्याची मोटार घेताना गॅरंटीवरून पालघरच्या दुकानदाराला घाम फोडणारा हा माणूस, स्वतःसाठी मात्र सगळ्यांत कमी टिकणारा माल पसंत करत होता.

“सिस्टर, छातीतलाच बसवा,” ती म्हणाली.

“अगं, काही वर्षं कशाला लागतंय ते?” तात्या चिडले.

“तुमाला कॅन्सर हाय, म्हणून,” जयवंती म्हणाली. “आणि मला तुमी अजून लय वर्षं पायजेत, म्हणून.”