देवघरातला रुपया

नाणं हातात येताच अभयने आधी त्याची कड चाचपली आणि मग खिशातलं भिंग काढलं. घाईघाईत ते त्याने आधी उलटंच डोळ्याला लावलं. बावन्नाव्या वर्षी माणसाने एका रुपयासाठी इतकी घाई करावी, हे त्याचं त्यालाच बरं वाटलं नाही.

समोर सोफ्याच्या अगदी कडेला मुक्ताबाई बसल्या होत्या. वय पंच्याऐंशी, पाठ ताठ. शेजारी त्यांचा मुलगा हिंदुराव. धायरीतल्या त्यांच्याच शेतावर ही दहा मजली इमारत उभी राहिली होती आणि सातव्या मजल्यावर ते राहायला आले होते. बाकीचं सामान मजुरांनी वर आणलं. देवघराला मात्र मुक्ताबाईंनी कुणाला हात लावू दिला नव्हता. त्यातल्या पितळेच्या देवांच्या ओळीत हा चांदीचा रुपया होता. घराण्यातलं कुणीतरी महाराजांच्या फौजेबरोबर सुरतेला गेलं, त्याने येताना आणला, असं सगळे सांगत. त्यावरची अक्षरं घरात कुणालाच वाचता येत नव्हती, म्हणून ती देवाची.

हिंदुरावांनी जुन्या ओळखीतून सहज म्हणून नाण्याचा फोटो पाठवला आणि अभय कर्वेनगरहून हातातला चहा टाकून निघाला. मोगल बादशहांचे रुपये जमवायचं त्याला वेड होतं. त्या वेडापायी तो फारसी लिपी शिकला होता. एकेक बादशहा त्याच्या कपाटात ओळीने विराजमान झाला होता. एकच खण अकरा वर्षं रिकामा होता. त्यावर मुराद बख्श अशी चिठ्ठी होती. बायको त्या खणाला सवत म्हणायची.

"आईनं हो म्हटलं तर आत्ता घेऊन जावा," हिंदुराव म्हणाले. "माझी काय हरकत न्हाई."

"माझं येकच म्हणनं हाय," मुक्ताबाई अभयकडे बघत म्हणाल्या. "त्यावर कुणाचं नाव हाय ते वाचा. देवाचं आसंल तर त्यो घरातनं हालायचा न्हाई. दुसऱ्या कुणाचं आसंल तर खुशाल न्या. जे देव न्हाई त्याच्या पाया म्या पडनार न्हाई."

अभयने नाणं उजेडाकडे धरलं. अक्षरं काल पाडल्यासारखी लख्ख होती. मुराद बख्श, बादशाह गाझी. खाली सुरत. त्याने तीनदा वाचलं. मग नाणं उलटून दुसरी बाजूही पाहिली, आणि पुन्हा पहिलीच वर केली.

"राजाचं नाव आहे, आजी," तो म्हणाला.

यात खोटं काहीच नव्हतं. हिंदुरावांनी मान डोलावली. अभयने पिशवीतून प्लॅस्टिकचं पाकीट काढलं.

मुक्ताबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. रोज हळदीकुंकू लावून त्यांच्या अंगठ्याचं पेर कायमचं पिवळं झालं होतं.

"म्हंजी सासूबाईबी चुकल्या," त्या हळूच म्हणाल्या. "आन् त्यांच्या सासूबी. समद्याच बाया राजाच्या पाया पडत बसल्या." मग हिंदुरावांना म्हणाल्या, "दिऊन टाक. सांगितलंय ना म्या."

रुपया पाकिटात अर्धा गेला होता. अभयला स्वतःची लाज वाटली. अकरा वर्षं वाट पाहिली ती काय एका म्हातारीला फसवायला? त्याने नाणं परत बाहेर काढलं.

"आजी, एक बाजू वाचायची राहिली."

ही बाजू पार झिजली होती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या बोटांनी अक्षरं पुसत आणली होती, तरी ती ओळखू येत होती.

"इथे देवाचं नाव आहे."

"कुठल्या देवाचं?"

हिंदुराव सावरून बसले. अभयने भिंग खाली ठेवलं. "मुसलमानांचा कलमा आहे. देव एकच आहे, दुसरा नाही, असं लिहिलंय."

मुक्ताबाईंनी अभयला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"येवढंच?"

"देवाबद्दल एवढंच."

"मग त्यात नवीन काय लिवलंय?" त्या म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला. अभयने रुपया त्यांच्या तळव्यावर ठेवला. रिकामं पाकीट त्याने परत पिशवीत टाकलं. मुक्ताबाईंनी झिजलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला. "हीच बाजू वर आसती आमच्यात. पहिल्यापास्नं."

"दुसरी बाजू म्हणूनच इतकी छान राहिली," अभय म्हणाला. न राहवून त्याने पुढे सांगितलं, "फार मोलाची आहे हो ती, आजी. फार थोडी नाणी उरली आहेत त्या बादशहाची."

"का? बादशाच व्हता ना?"

"काही महिनेच. थोरल्या भावाने गोड बोलून जेवायला बोलावलं आणि पकडलं. कैदेत टाकलं. पुढे मारलं."

"सख्ख्या भावानं?"

"सख्ख्या."

मुक्ताबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि देवघरापाशी गेल्या. रुपया देवांच्या ओळीत त्याच्या जागी ठेवला, राजाची बाजू खाली, देवाची वर. हळदीची चिमूट वाहिली. मग मागे न वळता म्हणाल्या,

"भावाला भिऊन देवाच्या पाठीमागं लपलंय लेकरू. ऱ्हाऊ द्या त्याला हितंच."