सदतिसावा फोटो

हेमांगीने सदतिसावा फोटो काढला, तरी रोल संपेना. समोर तेलगिरणीची चिमणी नुकतीच पाडली होती आणि धूळ अजून खाली बसत होती. त्या चिमणीखालच्या भट्टीवर तिच्या वडिलांनी एकतीस वर्षं काढली होती. आता ते अंथरुणाला खिळले होते. चिमणी पडतानाचे फोटो आणते, असा शब्द तिने त्यांना दिला होता.

“सर, रोल छत्तीसचाच ना?”

फोटोग्राफी शिकवणारे धाबेकर सर हसले. “छत्तीस कशाला, शंभर काढा! रोल पुढे सरकवताना ही डावीकडची चकती फिरतेय का? नाही ना? म्हणजे फिल्म रिळाला अडकलीच नाही. सगळा रोल कोरा.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“सकाळीच. पहिल्याच फोटोला.”

“आणि गप्प बसलात? मोबाइलसुद्धा तुम्हीच बंद करायला लावलात.”

“एक रोल असा गेला, की ही चूक पुन्हा होत नाही, ताई. आम्हीही असेच शिकलो.”

तिने कॅमेरा उघडला. फिल्मचं टोक तिने रिळाच्या खाचेत नीट बसवलं, झाकण लावलं आणि रोल पुढे सरकवला. चकती फिरली.

“शाबास! पण आता वडिलांना काय दाखवणार? विटांचा ढीग?”

तिने कॅमेरा डोळ्याला लावला. धुळीच्या लोटापुढे सर अजून हसतच उभे होते.

“तुम्हाला,” असं म्हणून तिने बटण दाबलं.